तक्रारीच्या अलीकडे

सकाळी साताऱ्याच्या एसटी स्टँडवर कोरेगाव, वडूज, मेढ्याच्या गाड्या रिकाम्या होतात. सांगलीत तासगाव, जत, कवठेमहांकाळच्या. दप्तर सावरत उतरणाऱ्या मुलींपैकी अनेकींना घरून होकार मिळालेला असतो तो एका अटीवर. अट कुणी बोलून दाखवत नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक असते: काही कानावर आलं, तर कॉलेज बंद.

२०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ केली. फीची अडचण शासन निर्णयाने सुटते, ही अट सुटत नाही. म्हणूनच प्रयोगशाळेत, कॅम्पसवर किंवा मोबाईलवर कुणी त्रास दिला की ‘त्याला शिक्षा होईल का’ हे मुलीच्या मनात फार उशिरा येतं. आधी येतं ते ‘घरी कळलं तर?’ महाविद्यालयांनी मात्र सगळी यंत्रणा शिक्षेच्या प्रश्नाभोवती उभारली आहे.

ती यंत्रणा सहज मिळालेली नाही. राजस्थानातल्या भंवरीदेवींवरच्या अत्याचारानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९९७ मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे याबाबतचे विनियम २०१६ मध्ये लागू झाले. त्यांनुसार अंतर्गत तक्रार समितीत निम्म्या तरी स्त्रिया हव्यात, संस्थेबाहेरचा एक सदस्य हवा, विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत. प्राचार्य आणि विभागप्रमुखांना समितीत बसता येत नाही. चौकशीला नव्वद दिवस. कागदावर हे चोख आहे. मूल्यांकनासाठी नॅकची टीम येणार म्हटलं की समितीच्या फलकाला नवी फ्रेमही मिळते. पण फलक असतो प्राचार्यांच्या केबिनबाहेर, शिपायापासून क्लार्कपर्यंत सगळ्यांच्या नजरेसमोर. तिथे उभं राहून मोबाईल नंबर टिपून घेणं म्हणजे अर्धी तक्रार जाहीर करणंच.

समिती काम करते तेव्हाही काय होऊ शकतं, हे गोवा विद्यापीठात दिसलं. २००९ मध्ये विद्यार्थिनींनी राज्यशास्त्र विभागातल्या अध्यापकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. चौकशी झाली, २०१० मध्ये बडतर्फी झाली. पण समितीने सुनावण्या घाईने उरकल्या, बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी ती कारवाई रद्द केली आणि चौकशी पुन्हा करायला सांगितली. चौदा वर्षं गेली आणि प्रकरण पुन्हा चौकशीच्या टेबलावर आलं. आरोपीला न्याय्य सुनावणी मिळाली नाही, तर त्याची किंमत तक्रार करणाऱ्या मुलीही मोजतात. चौकशी नीट व्हायची तर तिला वेळ लागणारच. म्हणून मुलीला द्यायचा आधार चौकशीच्या निकालावर टांगून ठेवता येत नाही. चौकशी सत्य शोधते. आधार तिचं शिक्षण चालू ठेवण्यासाठी असतो.

विनियमांत याची सोय आहे, फक्त तिकडे कुणी फारसं पाहत नाही. चौकशी चालू असताना, ज्याच्यावर आरोप आहे त्याला तक्रारदाराचे पेपर तपासण्यापासून रोखता येतं, तिच्यापासून दूर राहण्याची ताकीद देता येते, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. लेखी तक्रारीआधीही पुष्कळ काही करता येतं, आणि तेही गाजावाजा न करता. प्रॅक्टिकलची बॅच बदलावी. जर्नलवर दुसऱ्या अध्यापकाने सही करावी. हजेरी कमी पडली म्हणून टर्म जाऊ देऊ नये. रेक्टरबाईंनी घरी फोन करण्याआधी ‘करू का?’ असं तिला विचारावं. तक्रार करायला कायद्याने तीन महिने दिले आहेत, सबळ कारण असेल तर आणखी तीन. हा काळ तिला विचार करायला मिळावा, हजेरीची चिंता करायला नव्हे.

इथे एक पथ्य मात्र सांभाळायला हवं. आपल्याकडे ज्युनियर आणि सीनियर कॉलेज बहुधा एकाच इमारतीत असतं. अठराच्या आतल्या मुलीबाबत पोक्सो कायदा लागू होतो आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक ठरतं. त्यामुळे अकरावीच्या मुलीला ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन सरांनी किंवा मॅडमनी देऊ नये. ‘सांगावं लागेल, पण तुझ्याबरोबर मी येईन’ एवढं वचन द्यावं आणि पाळावं. त्रास मुलांना आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही होतो, हे विनियम मान्य करतात. स्टाफरूमने मान्य करायला अजून वेळ आहे.

स्टाफरूममध्येच तासिका तत्त्वावरच्या मॅडम बसतात. तास घेतला तर मानधन. रजा म्हणजे शून्य. पुढच्या जूनमध्ये पुन्हा नेमणूक होईल की नाही, हे ज्याच्या शब्दावर ठरतं त्याच्याविरुद्धच तक्रार असेल, तर त्या कुणाकडे जाणार? तक्रार खुद्द मालकाविरुद्ध, म्हणजे संस्थाचालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हे फलकावर मोठ्या अक्षरांत हवं. आणि अशा मॅडमचं मानधन चौकशीच्या काळात थांबणार नाही, असा ठराव संस्थेने आधीच करून ठेवायला हवा.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना आधार म्हणजे काय ते नव्याने शिकायचं नाही. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांबरोबर १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं, तेव्हा दारातल्या बाईकडून आधी जबाब घेतला नाही. आधी आत घेतलं. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांची चूल पेटती राहावी म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, मंगळसूत्रही दिलं. सांगली जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी परित्यक्तांचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. समितीतला बाहेरचा सदस्य निवडताना संस्थेच्या ओळखीतलं नाव शोधण्याऐवजी या परंपरेतल्या कार्यकर्तीचं दार ठोठावावं.

समितीच्या वार्षिक अहवालात इतर रकान्यांबरोबर हे दोन भरले जातात: तक्रारी किती आल्या, निकाली किती निघाल्या. दोन्हीकडे शून्य असलं की संस्था समाधानाने सही करते. तिथे आणखी एक रकाना आखावा: मदत मागायला आलेल्यांपैकी किती जणींनी पुढच्या वर्षाला प्रवेश घेतला? तो भरायचा तर समितीला प्रवेशाच्या रजिस्टरपर्यंत जावं लागेल, आणि प्राचार्यांना कदाचित एसटी स्टँडपर्यंत.