केंदाळाचा खुराक

मंगळवार पेठेतल्या एका तालमीची पोरं रंकाळा तलावातलं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, काढायला उतरली. मुळांच्या काळ्या झुपक्यांत पाणी मुरलेलं, एक झाड ओढलं की गुंतलेली चार मागं येत. संध्याकाळपर्यंत ट्रॉल्या भरल्या, पट्टाभर पाणी मोकळं झालं, फोटो निघाले. तलावात येणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी खोलीएवढा तुकडा राहिला. "त्येचं काय एवढं," म्हणत पोरं मिसळ खायला गेली. (अशा फोटोंत नाला कधी येत नाही.)

मग फुटबॉलचा हंगाम. पाटाकडीलची मॅच सोडून केंदाळाकडं कोण बघतंय? अडीच महिन्यांनी बंड्या धापा टाकत आला. "वस्ताद, अर्धा पट्टा परत हिरवागार!"

"कॉलेजात शिकतोस न्हवं? हिशेब सांग."

"चांगलं पोसलं तर पंधरा दिवसांत दुप्पट. पाच पंधरवड्यांत एका खोलीच्या बत्तीस खोल्या."

"आणि वरडा कधी झाला?"

"अर्धा पट्टा झाकल्यावर."

"म्हंजे हातात एकच पंधरवडा उरल्यावर."

"ॲमेझॉनच्या खोऱ्यात ह्याला खाणारे भुंगे आहेत," बंड्या म्हणाला. "फुलांच्या हौसेपायी झाड जगभर नेलं, भुंगे तिथंच राहिले. बंगळुरात 1980 च्या दशकात ते मुद्दाम आणून सोडले. पण तळातलं बी पंधरा-वीस वर्षं जगतंय. जागा नाहीतर अन्न संपलं, की मगच वाढ थांबणार."

"पैलवान कशावर वाढतोय रं?"

"खुराकावर."

"मग ह्येला खुराक कोण घालतंय?"

सांडपाण्यातला नायट्रोजन, फॉस्फरस. पोरांनी नाल्याकाठच्या वस्तीला मनसोक्त शिव्या घातल्या. वस्तादांनी सगळ्या ऐकून घेतल्या.

"आपली मोरी कुठं जाती?"

"गटारात."

"गटार?"

"जयंती नाल्यात."

"आणि नाल्याचं पाणी अडवून उरलेलं पंचगंगेत. खाली इचलकरंजीकडं नदीत केंदाळ फुगलं की तिथली पोरं कुणाला शिव्या देत असतील?"

ठरलं. येत्या रविवारी निम्मी पोरं रंकाळ्यावर जाऊन आधी नाल्याच्या तोंडाचा तुकडा काढणार, निम्मी तालमीच्या न्हाणीसाठी शोषखड्डा खणणार. खड्ड्याला जागा एकच होती, आखाड्यामागची. तिथं सगळ्यांच्या बुलेट लागतात. रंकाळ्याला आणखी चार रविवार द्यायला पोरं एका पायावर तयार झाली. गाडी हलवायला मात्र एकजण पुढं येईना.