चित्रपटाच्या विखुरलेल्या प्रती

मासवणहून सूर्या नदीचं पाणी उपसून वसई-विरारला जातं. तारापूरची वीज ग्रिडमधून दूरदूर पोहोचते. बोईसरच्या कारखान्यांतली औषधं आणि रसायनं देशभर जातात. उलट दिशेने पालघरच्या या पट्ट्यात जे येतं, त्यात वेगळ्या वळणाचा चित्रपट नसतो. पालघर-बोईसरला जे लागतं ते आधी मुंबईत चाललेलं असतं, आणि मुंबईतही कधी न लागलेला चित्रपट इथे येण्याचा प्रश्नच नाही. असा चित्रपट मासवणच्या माणसाला दिसायचा तर तो घरातच दिसणार.

म्हणून एखादा विस्मरणात गेलेला, सरळ गोष्ट न सांगणारा, प्रलयानंतरचं स्वप्नवत जग दाखवणारा परदेशी चित्रपट कोणी वर्षभर खपून दुरुस्त करतो आणि घरी बघण्यासाठी डिस्कवर काढतो, तेव्हा मला तो हौशी लोकांचा छंद वाटत नाही. लोकप्रिय चित्रपटाला त्याची लोकप्रियताच सांभाळते. कोणीतरी कुठेतरी त्याचे पैसे करणार असतं. ज्याला मुळात प्रेक्षकच थोडे, त्याला डिस्कशिवाय कोण तारणार?

आंद्रेई तार्कोव्हस्कीचा ‘स्टॉकर’ घ्या. 1979चा चित्रपट. कुठल्याशा न उलगडलेल्या घटनेनंतर एक प्रदेश कुंपण घालून बंद केलेला आहे. त्याला ‘झोन’ म्हणतात. चोरवाटेने तिथे माणसं नेणारा एक वाटाड्या, त्याच्यासोबत एक लेखक आणि एक प्राध्यापक, आत जाणारी एवढीच माणसं. त्याचं बरंचसं चित्रीकरण एस्टोनियात, ताल्लिनजवळच्या निकामी जलविद्युत केंद्रांच्या परिसरात झालं. ध्वनीचं काम बघणाऱ्या व्लादिमीर शारून यांनी पुढे सांगितलं, की नदीच्या वरच्या अंगाला रसायनांचा कारखाना होता आणि त्याचं सांडपाणी पात्रात येत होतं. पडद्यावर पाण्यावरून वाहणारा पांढरा फेस त्याच पाण्यातला. तार्कोव्हस्की 1986 मध्ये कर्करोगाने गेला. लेखकाचं काम करणारा अनातोली सोलोनित्सिन त्याच आजाराने 1982 मध्येच गेला होता. शारून यांनी या मृत्यूंचा संबंध त्या पाण्याशी जोडला. तो कधी सिद्ध झालेला नाही, पण फेस पडद्यावर आहे.

हा चित्रपट पॅरिसच्या प्रेक्षकाला रूपक वाटेल. तारापूरच्या किनाऱ्यावरच्या माणसाला त्यात ओळखीचं पुष्कळ सापडेल. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला हरित लवादापर्यंत जावं लागलं. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र 1969 मध्ये इथे सुरू झालं आणि पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं हलवली गेली. ज्याचं घर कुंपणाच्या आत गेलं, त्याला ‘झोन’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. दुर्बोध म्हणून जे बाजूला ठेवलं जातं, ते कोणासाठी दुर्बोध, हे विचारलं पाहिजे. मला तर वाटतं, या चित्रपटाचे खरे प्रेक्षक अशाच गावांतून आहेत आणि त्यांच्यापर्यंत तो पोहोचलेला नाही.

पण तो कुठल्या अवस्थेत पोहोचतो यालाही महत्त्व आहे. घरगुती कथेचा चित्रपट विटलेल्या प्रतीवरही समजतो. रंग उडाले तरी सासू सासूच राहते. ‘स्टॉकर’मध्ये मात्र झोनबाहेरचं जग तपकिरी आणि झोन रंगीत. माणसं रुळावरच्या ट्रॉलीवरून आत जातात आणि कोणी काही न बोलता रंग बदलतो. चित्रपटाचा निम्मा अर्थ त्या बदलात आहे. प्रत विटून सगळंच सारखं तांबूस झालं, की ती सीमाच पुसली जाते. याच ‘स्टॉकर’वर साहाय्यक म्हणून काम केलेल्या कॉन्स्तान्तिन लोपुशान्स्कीने 1986 मध्ये ‘मेलेल्या माणसाची पत्रं’ हा अणुयुद्धानंतरच्या तळघरांतला चित्रपट केला. तो जवळजवळ सबंध पिवळ्या छटेत आहे. दुरुस्ती करणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो पिवळेपणाला डाग समजून साफ करील आणि समोरचं चित्र अगदी स्वच्छ, अगदी खोटं होईल. आवाजाचंही तसंच. ‘स्टॉकर’च्या एका जुन्या रशियन डीव्हीडीवर आवाज नव्याने मिसळून बसवला होता, जाणत्या प्रेक्षकांनी ओरड केली आणि मूळ मोनो ट्रॅक परत द्यावा लागला. संगणकाने चेहरे गुळगुळीत करण्याच्या आजच्या दिवसांत अशी ओरड करणारा प्रेक्षक हवाच.

हे काम हाताने सुरू होतं. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला, तर अॅसिटेटची फिल्म आतून कुजायला लागली असं समजायचं. उष्णता आणि दमट हवा तिच्या वैरिणी. पालघरच्या पावसाळ्यात अशी फिल्म कपाटात टिकणं कठीण. कुजलेली फिल्म आखडते, वळते, तिची कडेची भोकं यंत्राच्या दातांत बसत नाहीत. मग टेबलावर रीळ हळूहळू उलगडत फाटलेली भोकं एकेक करून सांधायची, जुने जोड सोडवून पुन्हा चिकटवायचे, मळ काढायचा, आणि मगच स्कॅनरवर चढवायचं. ओरखडे बुजावेत म्हणून काही स्कॅनरांत फिल्म द्रवातून नेतात. 107 मिनिटांच्या चित्रपटात दीड लाखावर चौकटी भरतात आणि त्या सगळ्या कोणाच्या तरी नजरेखालून जाव्या लागतात.

107 मिनिटांचं उदाहरण मुद्दाम घेतलं. ती लांबी ‘घाशीराम कोतवाल’ची, 1976च्या मराठी चित्रपटाची. विजय तेंडुलकरांचं मूळ नाटक 1972चं. चित्रपट काढला युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हने, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी. दिग्दर्शनात के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा, कमल स्वरूप. नाना फडणवीसाच्या भूमिकेत मोहन आगाशे आणि घाशीरामच्या भूमिकेत ओम पुरी. पुरींच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी हा एक. नाटकातल्या गाण्या-नाचण्याची उसळी आवरून, लांब न तुटणाऱ्या शॉटांतून पेशवाईची अखेर मांडलेली. आपल्याकडे तो थोड्यांनी पाहिला आणि मग दिसेनासा झाला. बर्लिनच्या आर्सेनल संस्थेच्या संग्रहात मात्र त्याची प्रत राहिली. ही संस्था बर्लिन महोत्सवाचा ‘फोरम’ हा विभाग चालवत आली आणि महोत्सवात आलेल्या चित्रपटांच्या प्रती जपत आली. त्या प्रतीवरून डिजिटल आवृत्ती झाली आणि तिथूनच डीव्हीडी निघाली. पुण्यातल्या मोलकरणींवरचा ‘मोलकरीण’ आणि निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवरचा ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हे युगांतर गटाचे 1980च्या दशकाच्या आरंभीचे लघुपटही आर्सेनलच्याच प्रयत्नांतून पुन्हा बघण्याजोगे झाले.

बर्लिनमधल्या माणसाच्या दृष्टीने हे अनोळखी भाषेतले, अनोळखी इतिहासाचे, बाजारात शून्य किमतीचे परदेशी चित्रपट. त्यांचा आपल्याला उपयोग काय, असं त्या माणसाने विचारलं असतं तर ‘घाशीराम’ आज आपल्यापाशी नसता. म्हणून रशियाचा किंवा पोलंडचा चित्रपट आपण कशाला जपायचा, या प्रश्नाचं उत्तर मी उपकाराच्या भाषेत देणार नाही. चित्रपट कुठे वाचेल हे आधी कळत नाही. कार्ल ड्रेयरच्या ‘जोन ऑफ आर्क’ची मूळ आवृत्ती 1981 मध्ये नॉर्वेतल्या मनोरुग्णालयात सापडली. ‘मेट्रोपोलिस’चे हरवलेले भाग 2008 मध्ये ब्युनॉस आयर्सला मिळाले. दोन्हीकडे कोणीतरी परकी वस्तू टाकून दिली नव्हती, एवढंच.

आणि एकाच ठिकाणी ठेवलेल्याचं काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारातल्या कोठारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची रिळं गेली. ‘स्टॉकर’चा पहिला प्रयत्न लॅबमध्ये बिघडला म्हणून तार्कोव्हस्कीने तो पुन्हा चित्रित केला होता, पहिल्या प्रयत्नातलं जे उरलं ते संकलक ल्युदमिला फेइगिनोव्हा यांनी घरी ठेवलं होतं. घराला आग लागली, त्यात त्याही गेल्या आणि ते रीळही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, त्यांतले पूर्ण वा तुटक मिळून तीसेक उरले. शेतकरी बियाणं एकाच कणगीत ठेवत नाही, थोडं भावाकडे, थोडं शेजाऱ्याकडे ठेवतो. घरोघरी गेलेली डिस्क तेच करते. मूळ फिल्मची बरोबरी ती करणार नाही, पण मूळ जळाल्यावर निदान काय होतं ते तरी सांगेल.

आपल्याकडे जतनाचं काम आता खरोखर चांगलं होत आहे. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केलेला अरविंदन यांचा ‘थम्प’ 2022 मध्ये आणि श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ 2024 मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून ‘श्यामची आई’ नव्याने उभा राहिला. मात्र कौतुक बहुतेक महोत्सवापाशीच संपतं. ‘मंथन’ थिएटरांत लागला हे भाग्य. बाकीच्यांचं पुढे काय? स्ट्रीमिंगचं नाव घेतलं जातं, पण करार संपला की तिथला चित्रपट एका रात्रीत निघून जातो आणि बघणाऱ्याच्या हाती काही राहत नाही. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने (एनएफडीसी) काही वर्षं आपल्या चित्रपटांच्या चांगल्या डीव्हीडी काढल्या होत्या. तो रस्ता बंद होऊ देणं ही चूक होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

सरकारी पैशाने दुरुस्त झालेल्या प्रत्येक मराठी चित्रपटाची डिस्क निघाली पाहिजे आणि जिल्हा ग्रंथालयांना, पालघरच्यासुद्धा, तिची प्रत मिळाली पाहिजे. प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांनी निवडक परदेशी चित्रपटांना मराठी उपशीर्षकं करून घ्यावीत. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून ‘स्टॉकर’ नाकारला जाऊ नये. आणि वाचकांना एक विनंती. पूर्वी या भागात तंबूतला सिनेमा चालवलेल्या, लग्नाकार्यात प्रोजेक्टर भाड्याने दिलेल्या घरांत आजही माळ्यावर पत्र्याचे डबे असू शकतात. चित्रपट कुठला, भाषा कुठली, चालला की पडला, याचा विचार करू नका. डबा भंगारात घालू नका, उन्हात ठेवू नका, घरी रीळ उलगडू नका. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला कळवा.