ध्वज उतरविताना

मराठीत झेंड्याविषयी परस्परविरुद्ध अर्थाचे दोन वाक्प्रचार रूढ आहेत. पराक्रमाचे वर्णन करताना आपण ‘अटकेपार झेंडे लावले’ असे अभिमानाने म्हणतो. आणि घरातला एखादा मुलगा काही न करताच मिरवू लागला, तर ‘मोठे झेंडे लावलेस’ असे म्हणून त्याला जागेवर आणतो. एकाच शब्दाने गौरवही होतो आणि उपहासही. झेंडा लावणे ही कृती आपोआप थोर ठरत नाही, तिच्या आधी आणि नंतर आपण काय करतो यावर तिची किंमत ठरते, हे भाषेला ठाऊक असावे. राष्ट्रध्वजाच्या सन्मानाचा विचारही याच दृष्टीने करावा, असे मला वाटते. ध्वज फडकविण्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. तो उतरविण्याविषयी क्वचितच. माझ्या मते सन्मानाची खरी कसोटी उतरविण्यात आहे.

आपल्या घरांना ही गोष्ट नवी नाही. माळव्यातील मराठी घरांत आजही पाडव्याला गुढी उभी राहते. काठी धुऊन पुसून घ्यायची, तिला कोरे वस्त्र, कडुनिंबाची डहाळी, फुलांची माळ आणि साखरेची गाठी बांधायची, वर तांब्या पालथा घालायचा, हे सर्व आपण हौसेने करतो. पण सूर्यास्तापूर्वी हळदकुंकू वाहून, नैवेद्य दाखवून ती उतरवायची, हेही तितक्याच नेमाने करतो. गुढी रात्रभर बाहेर राहिली तर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना चैन पडत नाही. गणपतीचेही तसेच. प्राणप्रतिष्ठा जितकी महत्त्वाची, तितकीच उत्तरपूजा. ज्याला आदराने आणले त्याला आदरानेच निरोप द्यायचा, हा संस्कार कोणत्याही कायद्यावाचून पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. राष्ट्रध्वज हा कोणत्याही एका धर्माचा विषय नाही, आणि त्याची पूजा करावी असे माझे म्हणणे नाही. मात्र आदराची ही रीत आपल्या हाताला आधीपासून ठाऊक आहे, एवढेच मला दाखवायचे आहे.

आपल्या पूर्वजांनी एक फार मोठा निरोप जवळून पाहिला आहे. धारचे पवार, देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती यांच्या चाकरीत आपली कित्येक घराणी दक्षिणेतून येऊन इथे स्थिरावली. देवासला तर एकाच गावात दोन गाद्या आणि दोन दरबार नांदत होते. मे १९४८ मध्ये मध्य भारत संघ अस्तित्वात आला आणि ही संस्थाने त्यात विलीन झाली. ज्यांच्या वाडवडिलांनी संस्थानच्या निशाणाखाली उमेद घालविली होती, त्यांच्याच मुलांनी मध्य भारताच्या आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून मध्य प्रदेशाच्या कचेऱ्यांत तिरंग्यासमोर उभे राहून वंदन केले. नव्याचे स्वागत करण्यासाठी जुन्याची विटंबना करावी लागली नाही. सनदा, शिक्के, जुनी कागदपत्रे कितीतरी घरांत अजून जपून ठेवलेली आढळतील. एक निशाण शांतपणे उतरले आणि दुसरे चढले. हे ज्या समाजाने पाहिले, त्याला उतरविण्यातील प्रतिष्ठा वेगळी शिकवावी लागू नये.

त्या दोन निशाणांत एक मूलभूत भेदही होता. १८७७ च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने लॉर्ड लिटनने हिंदी संस्थानिकांना रेशमी निशाणे बहाल केली. ती वरून मिळालेली होती. तिरंग्याची परंपरा याच्या नेमकी उलटी. १९२३ साली नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून चरख्याचा झेंडा घेऊन जाण्यास सरकारने मनाई केली, तेव्हा सामान्य माणसे एकामागून एक पुढे झाली आणि तुरुंगात गेली. जमनालाल बजाजांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी त्या सत्याग्रहाची धुरा सांभाळली, आणि अखेर ऑगस्टमध्ये मिरवणूक त्या रस्त्याने गेली. पुढे २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने चरख्याच्या जागी अशोकचक्र असलेला आजचा ध्वज स्वीकारला. हा ध्वज कोणा बादशहाने बहाल केलेला नाही. तो लोकांनी कमावलेला आहे. म्हणूनच त्याची काळजीही लोकांनाच घ्यावयाची आहे.

असे असूनही स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे सामान्य नागरिकाला आपल्या घरावर हा ध्वज ठराविक दिवशीच लावता येत असे. या बंधनाला आव्हान मिळाले ते आपल्याच प्रांतातून. रायगड तेव्हा मध्य प्रदेशात होते. तेथील कारखान्यावर नवीन जिंदल यांनी ध्वज लावला, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले. दरम्यान २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सन्मानपूर्वक ध्वज फडकविणे हा नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे. मात्र तो अनिर्बंध नाही. डिसेंबर २०२१ मध्ये यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजालाही मुभा मिळाली, आणि जुलै २०२२ मध्ये घरावरील ध्वज रात्रंदिवस ठेवण्यास परवानगी मिळाली.

अधिकार असा घरापर्यंत आला. त्याच्या पाठोपाठ कर्तव्य आले का, हा खरा प्रश्न आहे.

माझी नोकरी राज्य शासनात गेली. जिल्हा कचेरीवर ध्वज रोज लागतो. राष्ट्रीय सणाच्या सकाळी पाहुणे, पोलिसांची सलामी, शाळेची मुले, भाषणे, बुंदीचे लाडू, असा सगळा थाट असे. संध्याकाळी मात्र मैदान रिकामे. एका कचेरीतले वयस्क जमादार सूर्य मावळता मावळता एकटेच ध्वजस्तंभाशी जात, पायांतल्या वहाणा बाजूला काढीत, दोरी सावकाश सोडीत आणि ध्वज जमिनीला लागू न देता हातांवर घेत. ध्वज वेगाने चढवावा आणि धीमेपणाने उतरवावा, हा नियम त्यांनी वाचला असेल असे वाटत नाही. पाहायला कोणी नसताना ते जे करीत, तोच मला ध्वजाचा खरा सन्मान वाटत आला आहे. सकाळच्या वंदनात आपल्यावर लोकांची नजर असते. संध्याकाळी आपल्यावर फक्त आपली नजर असते.

घरावरील ध्वजाला असा जमादार नसतो. पूर्वी सूर्यास्ताचा नियम असल्यामुळे दिवस संपला की ध्वज खाली येई. आता ते बंधन सैल झाले आणि ऑगस्टमध्ये गच्चीवर बांधलेला ध्वज दसऱ्यापर्यंत, क्वचित दिवाळीपर्यंतही तसाच राहतो. उन्हाने केशरी रंग फिका पडतो, वाऱ्याने कडा विरतात. फाटलेला, विस्कटलेला ध्वज लावू नये, असे संहिता स्पष्ट सांगते. ज्याने तो प्रेमाने लावला, त्याच्याच हातून नुसत्या विसरण्यामुळे हे घडते. कायद्याने रात्रीची मुभा दिली, याचा अर्थ उतरविण्याची वेळ आता आपण ठरवायची आहे.

आणि मग जीर्ण ध्वजाचे करायचे काय? इथे संहितेतील एक तरतूद फार विचार करण्यासारखी आहे. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायद्याने लोकांदेखत ध्वज जाळणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरविला आहे. आणि संहिता सांगते की, जीर्ण ध्वज एकांतात, संपूर्णपणे, शक्यतो जाळून किंवा त्याच्या प्रतिष्ठेला शोभेल अशा अन्य रीतीने नष्ट करावा. अग्नी तोच, कापड तेच. एका ठिकाणी तो अपमान, दुसऱ्या ठिकाणी अंत्यसंस्कार. फरक आहे तो हेतूचा आणि एकांताचा. सन्मान ही वस्तूच्या अंगची गोष्ट नसून वागणाऱ्याच्या मनातील गोष्ट आहे, याची याहून स्पष्ट कबुली कोणता कायदा देईल?

यावर कोणी म्हणेल, मन शुद्ध असले की झाले; शेवटी ते कापडच आहे, मग एवढे नियम कशाला? मंगळसूत्र म्हणजे काळे मणी आणि वडिलांचे पत्र म्हणजे कागद, असेही म्हणता येईल. पण ते पत्र आपण रद्दीत घालत नाही. केशरी पट्टा वर असावा, ध्वजावर काही लिहू नये, त्याचा पडदा किंवा आच्छादन म्हणून उपयोग करू नये, हे नियम मनाला बांधण्यासाठी नाहीत. मन विसरते तेव्हा हाताने आठवण ठेवावी, यासाठी ते आहेत.

परंतु नियम माहीत झाले की माणसाला दुसऱ्याची चूक चटकन दिसू लागते, आणि इथे मोठा धोका आहे. गल्लीतल्या एखाद्या घरावर फाटका ध्वज दिसला, तर त्याचे छायाचित्र काढून गावभर फिरवावे की दार ठोठावून ‘काका, हा उतरवू या, मी नवा आणला आहे’ असे म्हणावे? पहिल्या मार्गाने एका शेजाऱ्याची मान खाली जाते. दुसऱ्याने ध्वज सन्मानाने खाली येतो. अजाणता झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेला अपमान यांत भेद न करणारा माणूस ध्वजाच्या नावाने स्वतःचा राग फडकवीत असतो. सोळा ऑगस्टच्या सकाळी रस्त्यावरचे कागदी झेंडे वेचणारे कचरा गोळा करणारे पोर आपण पाहतो. ते झेंडे तिथे टाकले कोणी? अशा वेळी बोट कोणाकडे दाखवायचे, हे प्रत्येकाने आपल्याशी ठरवावे.

येत्या पंधरा ऑगस्टला ध्वज लावण्याआधीच तो कोणत्या दिवशी, किती वाजता उतरवायचा हे घरात ठरवून दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. उतरविताना घरातल्या मुलांना जवळ उभे करावे. केशरी व हिरवा पट्टा पांढऱ्याखाली घ्यावा, अशोकचक्र वर दिसेल अशी घडी करावी, ती दोन्ही तळहातांवर घेऊन कपाटात स्वच्छ जागी ठेवावी. याला पाच मिनिटेही लागत नाहीत. सकाळी ध्वजवंदनाला मुले शाळेत जातातच. संध्याकाळचा हा धडा मात्र त्यांना घरीच मिळू शकतो.