फोटोवर ठेवलेला आळ

व्हर्जिनियातल्या लेक्सिंग्टनच्या छायाचित्रकार सॅली मान यांनी ‘होल्ड स्टिल’ (2015) या आठवणींच्या पुस्तकात आपल्याच कलेवर आरोप ठेवला आहे: छायाचित्र स्मृती जपत नाही, तिची जागा बळकावते. वडिलांचे फोटो भरपूर, म्हणून वडील चित्रापुरतेच उरले. चित्रकार साय ट्वॉम्ब्ली यांचे मोजके, म्हणून ते लख्ख आठवतात. यावर आक्षेप उघड आहे. फोटो नसला तरी स्मृती कुठे जशीच्या तशी राहते? दर खेपेला आठवताना तीही बदलते. खरे आहे, पण बदलत्या स्मृतीविषयी निदान शंका घेता येते. फोटो पुराव्याच्या ऐटीत येतो आणि शंकेलाच गप्प करतो.

तरीही सगळा दोष कॅमेऱ्यावर ढकलणे मला जरा सोयीचे वाटते. याच पुस्तकात मान यांना वाढवणाऱ्या कृष्णवर्णीय व्हर्जिनिया कार्टर, म्हणजे ‘जी-जी’, आहेत. विधवा असून त्यांनी कष्टाच्या कमाईवर सहा मुलांना बोर्डिंगच्या शाळांत शिकवले. घरात त्यांच्यावर माया होती, यात संशय नाही. पण वर्णभेदाच्या त्या काळात कुटुंबाबरोबर प्रवासाला गेल्यावर त्या जेवतात कुठे, एवढे साधेही कुणी विचारले नाही. इथे फोटोने काही पुसलेले नाही. लक्षात ठेवण्याजोगे काही कुणी जाणूनच घेतले नव्हते. लहान मुलीला काय कळणार, असे म्हणता येईल. मोठ्यांना मात्र ही सबब नाही, आणि न विचारण्याचा हा रिवाज अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अनेक गोऱ्या घरांनी सभ्यपणा म्हणून पाळला. मान यांनी तो प्रश्न प्रौढपणी, जी-जी गेल्यावर, स्वतःला विचारला.