आडनावाचा किल्ला

कॅनडा-ऑस्ट्रेलियातली कॅम्पबेल आडनावाची मंडळी स्कॉटलंडला जातात आणि लॉख ऑ सरोवराकाठच्या पडक्या किलचर्न किल्ल्यात उभी राहतात. आपल्या पूर्वजांचा किल्ला! पण जरा थांबा. 1603 मध्ये मॅकग्रेगर या दुसऱ्या स्कॉटिश कुळाचं आडनावच राजाज्ञेनं बंद झालं. लावलं तर देहान्त. मग अनेकांनी दुसरी आडनावं घेतली, काहींनी तर वैरी कॅम्पबेलांचंच. बंदी कायमची उठली 1774 मध्ये. शिवाय सरदाराचं आडनाव त्याच्या जमिनी कसणारेही लावत. मग हा पाहुणा मालकाचा वंशज, शेतकऱ्याचा, की नाव लपवून जगलेल्याचा? मला तिसराच पूर्वज अधिक मोलाचा वाटतो. किल्ला जरूर पाहावा. पण त्याआधी चर्चची जुनी दप्तरं आणि 1855 पासूनच्या सरकारी जन्म-मृत्यूच्या नोंदी चाळाव्यात.