कोड उडवून गिअरबॉक्स बरा होत नाही

बस. चहा नंतर. आधी मला सांग, आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड पास झालेला माणूस गिअरबॉक्स थरथरत असताना म्हाताऱ्या आईला मागे बसवून, शनिवारी सकाळी, अख्खं पुणं साताऱ्याकडे निघालेलं असताना खंबाटकी चढायला जातो, याला काय म्हणायचं? आणि वर मलाच सांगतोस, "सर, गाडीच बेभरवशाची निघाली."

तिचा भरवसा नाही हे तुला दिवाळीपासून ठाऊक होतं. सकाळी थंड असताना नीट चालायची, पण गर्दीत अर्धा तास सरपटली की पहिल्या-दुसऱ्याला धक्के द्यायची. मग चढावर रेस वाढायची आणि वेग वाढायचा नाही. मग डॅशबोर्डवर गिअरचा दिवा लुकलुकायला लागला. हे सगळं आत्ता तूच सांगितलंस, तेही याच क्रमाने. परीक्षेत ही लक्षणं आली असती तर 'क्लच स्लिप' असं लिहून पुढच्या प्रश्नाला गेला असतास. स्वतःच्या गाडीत दिसली तेव्हा मित्राचा स्कॅनर लावलास आणि कोड उडवलास. दिवा लागेल तेव्हा तेव्हा उडवलास!

तू उडवलेला पी-०७०० हा कोड एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये तक्रार नोंदली गेली आहे. खरी तक्रार काय, ते त्या युनिटमध्ये शिरून वाचावं लागतं. बिघाडाच्या क्षणी वेग किती होता, आरपीएम किती होता, इंजिन किती तापलं होतं, याचीही नोंद गाडी ठेवते. त्यावरून मेकॅनिकला माग लागतो. तो माग तू स्वतःच्या हाताने पुसलास. आता मेकॅनिक अंधारात चाचपडणार आणि त्याची मजुरी तू भरणार.

तुझ्या गाडीत कोरडा ड्युअल क्लच आहे. एका क्लचवर एक, तीन, पाच, सात. दुसऱ्यावर दोन, चार, सहा. ओल्या प्रकारात प्लेटा तेलात असतात आणि तेल उष्णता घेऊन जातं. तुझ्या गाडीत तेल नाही, जो काय थंडावा मिळेल तो हवेचा. ब्रेक सोडला की गाडी आपोआप पुढे सरकते, ते तुला फार सोयीचं वाटतं. पण त्या वेळी प्लेट पूर्ण धरलेली नसते, घासत असते. दाबणारा पाय तुझा नसला तरी हाफ क्लच तो हाफ क्लचच. गर्दीत चार फूट सरक, थांब, परत सरक, असं केलंस की प्लेट तापते, अस्तर काचेसारखं गुळगुळीत होतं, प्रेशर प्लेटवर निळे डाग पडतात. म्हणून पुढच्या गाडीला जाऊ द्यायचं, मोकळी जागा होऊ द्यायची, मग एकदाच निघायचं. चढावर थांबताना ब्रेक पूर्ण दाबायचा, म्हणजे क्लच सुटतो. तू घाटात काय केलंस? ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून गाडी जागच्या जागी तोलत बसलास.

मान्य आहे, या प्रकारच्या गिअरबॉक्सची आपल्या उन्हात आणि कोंडीत कीर्ती चांगली नाही. पण मग जुनी गाडी घेताना सर्व्हिसचे कागद का नाही मागितलेस? गाडी पूर्ण तापवून चढावर का नाही चालवलीस? उलट्या गिअरमध्ये चढ का नाही घेतलास? रंग पाहिलास, सनरूफ पाहिलं आणि टोकन दिलंस.

मला खरा राग घाटात पुढे जे झालं त्याचा आहे. गिअर सुटला, गाडी न्यूट्रलमध्ये गेली आणि मागे सरकली. मागे भरलेला ट्रक होता. तू हँडब्रेक ओढून खाली उतरलास आणि बॉनेट उघडून उभा राहिलास! त्या बॉनेटखाली तुला काय दिसणार होतं? आई गाडीतच होती. अरे, आधी धोक्याचे दिवे लावायचे, चाकामागे दगड लावायचा, आईला रस्त्याकडेच्या कठड्यापलीकडे न्यायचं, लाल त्रिकोण मागे लांब ठेवायचा आणि १०३३ ला फोन करायचा. राष्ट्रीय महामार्गावर हा नंबर त्यासाठीच आहे. तू एका जीपला दोर बांधलास. इंजिन बंद असताना ब्रेकला बूस्टरची साथ नसते, स्टिअरिंग दगडासारखं होतं, हे मी तुला शिकवलं नव्हतं? ऑटोमॅटिक गाडी ओढायची असेल तर किती वेगाने आणि किती अंतर, की मुळीच नाही, हे पुस्तिकेत छापलेलं असतं. ती पुस्तिका तुझ्या ग्लव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकसकट पडून आहे. फ्लॅटबेडचे पैसे वाचवलेस, आणि आईचा जीव दोराला बांधलास.

आता दुरुस्ती. कोणी बघता क्षणी "अख्खा गिअरबॉक्स बदला" म्हणाला तर तिथून निघायचं. आधी कंट्रोल युनिट वाचून घे. दोष क्लचचा आहे, फ्लायव्हीलचा आहे की गिअर टाकणाऱ्या हायड्रॉलिक युनिटचा, हे ठरल्याशिवाय एक नट सैल होता कामा नये. या तिन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एस्टिमेट लेखी घे, जुने भाग परत माग. नवा क्लच बसवल्यावर स्कॅनरने त्याचं अडॅप्टेशन केलंय का, हे डोळ्यांनी बघ. ते राहिलं तर नव्या प्लेटाही धक्के देतील. आणि विम्याची आशा धरू नकोस. साध्या मोटर विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड येत नाही.

आणि जे ऐकून मला रात्रभर झोप लागणार नाही, ते म्हणजे तू कोड उडवून गाडी विकायला काढली आहेस. उद्या गिऱ्हाईक येणार, सकाळी थंड गाडी दाखवणार, गल्लीत एक फेरी मारून आणणार. तुला ज्याने फसवलं त्याने हेच केलं होतं ना? ठाऊक असलेला दोष मुद्दाम लपवून विकणं ही भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ प्रमाणे फसवणूक आहे आणि घेणाऱ्याला तो व्यवहार रद्द करता येतो. पण कायद्याचं राहू दे. तो माणूसही कुणाला तरी मागच्या सीटवर बसवून त्याच घाटात जाईल. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोराने असं केलेलं मी खपवून घेणार नाही.

फोन काढ. माझ्यासमोर त्या माणसाला लाव आणि गिअरबॉक्सचं सगळं सांग. त्यानंतरही घ्यायची असेल तर दोष लिहून, सही करून दे. नको म्हणाला तर सोमवारी गाडी वर्कशॉपला आण, फ्लॅटबेडवर घालून. स्कॅनर मी लावीन. चालवत आणलीस तर फाटकातून आत घेणार नाही.