केस पिकणें

मराठी भाषेनें केसांच्या बाबतींत मोठी उदार दृष्टि ठेविली आहे. म्हातारपणीं दांत पडतात, डोळे अधू होतात, हातपाय थकतात. केस मात्र आपल्या भाषेंत पिकतात. आंबा पिकावा, शेत पिकावें, तसे केस पिकावे, यांत ऱ्हासाची नव्हे तर परिपाकाची कल्पना आहे. वादांत एखादा वडील माणूस "हे केस कांहीं उन्हानें पांढरे झाले नाहींत" असें म्हणतो, तेव्हां तो आपल्या डोक्याचा पुराव्यासारखा उपयोग करीत असतो. ज्या समाजाची भाषा अशी आहे त्या समाजांत कलपाचा इतका खप कां असावा, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. चौदा वर्षें कलप लावून मग तो सोडून दिलेल्या एका प्राध्यापिकेला त्यावर चार शब्द लिहिण्याचा थोडाबहुत अधिकार असावा, असें समजून हा प्रपंच मांडीत आहें.

प्रथम एक शंका निकालांत काढूं. कलप लावणें हें असत्याचरण आहे काय? सत्याच्या बाबतींत कान्टइतका कठोर न्यायाधीश शोधूनही सांपडणार नाहीं. मित्राला खुन्यापासून वांचविण्यासाठींसुद्धां खोटें बोलूं नये, असें त्यानें १७९७ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत प्रतिपादिलें आहे. पण तोच कान्ट पुढच्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या मानवशास्त्रावरील ग्रंथांत सांगतो कीं, सामाजिक सौजन्याचे देखावे कोणालाच फसवीत नाहींत, कारण ते देखावे आहेत हें सर्वांना ठाऊक असतें. कलप याच वर्गांत पडतो. पंचावन्नाव्या वर्षीं कोळशासारखे काळे केस पाहून कोणीही शहाणा मनुष्य फसत नाहीं. मानेवरून, हातांवरून आणि मुलाच्या लग्नपत्रिकेवरून बाईचें वय सर्वांना कळलेलें असतें. तेव्हां कलप हें असत्य नव्हे. तो एक शिष्टाचार आहे. पण हें मान्य केलें म्हणजे त्याची दुसरी बाजूही मान्य करावी लागते. पांढरे केस राखणें हें कांहीं सत्यपालन नव्हे. "मी आहें तशी दिसतें" असें म्हणणाऱ्या माझ्यासारख्या बायका चष्मा लावतात, दांत बसवून घेतात आणि इस्त्रीचें पातळ नेसतात. निसर्गाची साक्ष केवळ डोक्यापुरती काढण्यांत फारसा अर्थ नाहीं.

मग प्रश्न सत्याचा नसेल तर कशाचा आहे? याचा शोध घेण्यासाठीं जुने ग्रंथ चाळले असतां एक चमत्कारिक गोष्ट आढळते. जातककथेंतील मखादेव राजानें आपल्या न्हाव्याला सांगून ठेविलें होतें कीं, माझ्या डोक्यावर पहिला पांढरा केस दिसतांच मला कळव. तो दिसला तेव्हां न्हाव्यानें सोन्याच्या चिमट्यानें तो उपटून राजाच्या तळहातावर ठेविला. राजानें पुत्राला राज्य दिलें, न्हाव्याला एक गांव इनाम दिला आणि प्रव्रज्या घेतली. रघुवंशाच्या बाराव्या सर्गांत जरा ही पिकलेल्या केसाच्या मिषानें दशरथाच्या कानाशीं येते आणि रामाला राज्य दे म्हणून सांगते. गृहस्थानें आपल्या सुरकुत्या, पांढरे केस आणि नातवंड पाहिलें म्हणजे अरण्याचा आश्रय करावा, अशी मनूची आज्ञा आहे. या तिन्ही ठिकाणीं पांढरा केस ही एक घटना आहे. तिनें आयुष्याला वळण लागतें. पण तिन्ही ठिकाणीं तो केस पुरुषाचा आहे. मनूच्या पुढच्याच श्लोकांत पत्नीची व्यवस्था लावलेली आहे: तिला मुलांच्या स्वाधीन करावें, नाहीं तर बरोबर न्यावें. तिच्या केसांची चौकशी कोणी केलेली नाहीं.

बरें, कलपाच्या बाजूचे ग्रंथकार पाहावे तर तेथेंही तोच प्रकार. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत सुगंधी द्रव्यांच्या अध्यायाचा आरंभच कलपानें केला आहे. पांढऱ्या केसांच्या माणसाला माळा, अत्तरें, वस्त्रें, अलंकार यांपैकीं कांहींच शोभत नाहीं, म्हणून केस रंगवावे, असें त्याचें म्हणणें. कृतिही दिली आहे. लोखंडाच्या भांड्यांत लोहचूर्णासह कोद्रवाचे दाणे आंबट द्रवांत शिजवून बारीक वाटावे, डोक्याला लेप द्यावा, वर ओलीं पानें बांधावीं. दोन प्रहरांनीं तो काढून आवळ्याचा लेप द्यावा आणि आणखी दोन प्रहर थांबावें. लोखंड आणि आवळ्यांतील तुरट द्रव्य यांच्या संयोगानें काळा रंग उत्पन्न होतो. जुनी शाईही याच तत्त्वावर करीत. बारा तासांचा हा खटाटोप कशासाठीं, तर राजानें नंतर सुगंधी स्नान करून अंतःपुरांत सुख भोगावें म्हणून! म्हणजे वैराग्य पुरुषाचें आणि कलपही पुरुषाचाच.

स्त्रियांच्या पिकल्या केसांकडे लक्ष गेलें तें बाजाराचें, आणि तें उशिरां गेलें तरी पुरतें गेलें. १९०७ सालीं यूजेन शुएलर या फ्रेंच रसायनज्ञानें कृत्रिम रंग तयार केला, आणि १९०९ सालीं कंपनी काढली. तीच पुढें लोरेआल झाली. अमेरिकेंतील क्लेरोल कंपनीच्या १९५६ सालच्या जाहिरातीचा सारा रोख असा कीं, ही बाई केस रंगविते किंवा कसें हें तिच्या केशरचनाकाराखेरीज कोणालाही कळूं नये. त्या जाहिरातीनें रंगापेक्षां गुप्तता अधिक विकली. आपल्याकडे स्त्रीचे केस तिच्या मालकीचे कधींच नव्हते. नवरा जिवंत आहे कीं नाहीं याची ती जाहीर पाटी होती. १८९० सालीं मुंबईंतील नाभिकांनीं विधवांचें केशवपन यापुढें करणार नाहीं असा निश्चय केला, ही गोष्ट मला मखादेवाच्या न्हाव्याहून मोठी वाटते. रूढि ग्रंथांत असते, पण ती चालते कोणाच्या तरी हातानें, हें त्या माणसांनीं ओळखलें होतें. आणि त्यांना कोणी गांव इनाम दिला नाहीं.

सूझन सॉन्टॅग या अमेरिकन लेखिकेनें १९७२ सालच्या एका लेखांत असें दाखविलें आहे कीं, पुरुषाला सौंदर्याचे दोन आदर्श उपलब्ध आहेत, मुलाचा आणि प्रौढ पुरुषाचा. स्त्रीला एकच आहे, मुलीचा. पन्नास वर्षांनंतरही हें विधान जुनें झालेलें नाहीं. कॅनडांतील सी. टी. व्ही. या वाहिनीच्या मुख्य वृत्तनिवेदिका लिसा लाफ्लाम यांनीं २०२० च्या साथींत केस रंगविणें सोडलें. ऑगस्ट २०२२ मध्यें, ५८ व्या वर्षीं, ३५ वर्षांच्या सेवेनंतर, कंपनीनें आपला करार संपविल्याचें त्यांनीं जाहीर केलें. त्यांचे केस पांढरे होऊं देण्यास परवानगी कोणी दिली, असें एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें विचारल्याचें वृत्त तेथील एका प्रमुख दैनिकानें दिलें; वय, स्त्रीत्व किंवा केस यांचा या निर्णयाशीं संबंध नाहीं, असें कंपनीच्या प्रमुखांनीं सांगितलें. खरें काय तें कंपनीला ठाऊक. त्यांच्या आधींचे निवेदक लॉइड रॉबर्टसन २०११ सालीं ७७ व्या वर्षीं निवृत्त झाले. त्यांच्या डोक्याविषयीं असा प्रश्न कोणी विचारल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

माझें स्वतःचें प्रकरण यापुढें अगदींच किरकोळ आहे. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली, केशभूषेचीं दुकानें बंद पडलीं, आणि वर्ग संगणकाच्या पडद्यावर आले. केस महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळें खांद्यापर्यंतचे केस बदलून येण्यास दोनेक वर्षें लागतात, आणि त्या काळांत डोक्यावर दोन राज्यांच्या सीमेसारखी रेषा हळूहळू खालीं सरकत असते. या रेषेचा लोकांना जितका त्रास झाला तितका पुढें पांढऱ्या रंगाचा झाला नाहीं. "बरं नाहीं का?" असें पुष्कळांनीं विचारलें, एकीनें तर अत्यंत हळू आवाजांत "घरीं सगळं ठीक आहे ना?" म्हणून चौकशी केली. बाईचें डोकें पांढरें दिसलें कीं आजार किंवा शोक यांपैकीं कांहीं तरी घडलें असावें, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा तर्क आहे. पुरुषानें कलप लावला तर लोक हंसतात, स्त्रीनें तो सोडला तर कींव करतात. बसमध्यें एक तरुण उठून "आजी, बसा" म्हणाला तेव्हां मी आनंदानें बसलें. पण माझ्याहून वयानें मोठे आणि डोकें केव्हांच कापसासारखें झालेले माझे एक सहकारी शेजारीं उभे होते, त्यांना वाहक "साहेब, जरा पुढें सरका" म्हणत होता. ताई, वहिनी, काकू, आजी या नात्याच्या पायऱ्या मला प्रिय आहेत. त्या पायऱ्यांवरून साहेबापर्यंत जातां येत नाहीं, इतकेंच.

"ज्याची त्याची आवड" असें म्हणून हा विषय मिटविण्याची आज रीत आहे. मला ती पटत नाहीं. आवड एकटीची असली तरी तिचा परिणाम एकटीपुरता राहत नाहीं. बहुतेक सर्वजणी केस रंगवूं लागल्या म्हणजे उरलेल्यांचें पांढरें डोकें हें वय राहत नाहीं, तो गबाळेपणा ठरतो. पन्नाशीची बाई कशी दिसते याचें मापच बदलतें, आणि तें माप मोडण्याचा दंड जी रंगवीत नाहीं तिला भरावा लागतो. रंगविणारीचा यांत कांहीं दुष्ट हेतु नसतो. वाळूचा कण कांहीं ढीग करण्याच्या हेतूनें पडत नाहीं.

पण म्हणून सर्वांनीं कलप सोडावा असा उपदेश करण्यास मी धजत नाहीं, आणि त्याचें कारण माझ्याच विभागांत आहे. तेथें चाळिशी ओलांडलेल्या एक बाई अनेक वर्षें तासिका तत्त्वावर शिकवीत आहेत. दरवर्षीं नव्यानें अर्ज, नव्यानें मुलाखत, आणि तासांप्रमाणें मानधन. त्यांचे केस माझ्याहूनही लवकर पिकले. माझ्या डोक्याचें कोणी तरी कौतुक करीत असतां त्या हंसून म्हणाल्या, "मॅडम, तुमचे केस कायम झालेले आहेत. माझे अजून तासिकेवर आहेत."

या वाक्यांत मला कान्टपेक्षां अधिक नीतिशास्त्र दिसलें. माझ्या धैर्याचें मोल माझ्या नेमणुकीच्या आदेशांत आहे. माझे केस पांढरे झाले म्हणून माझा पगार थांबणार नाहीं कीं निवृत्तिवेतन कमी होणार नाहीं. त्या बाईंचा कलप हा शिष्टाचारही नव्हे, तो पोटासाठीं भरावा लागणारा कर आहे. त्यांनीं तो भरूं नये असें सांगण्याचा अधिकार मला नाहीं. उलट ज्यांना हा दंड परवडतो त्यांनीं तो आधीं भरावा, म्हणजे तो पुढें कोणाला फारसा भरावा लागणार नाहीं, असा न्याय मला येथें लागू वाटतो. यांत त्यागासारखें कांहीं नाहीं. उलट महिन्याचा खर्च वांचतो.

आमच्या महाविद्यालयांत कायम नेमणुकीच्या आम्ही तिघी आतां पांढऱ्या डोक्यानें वावरतों. दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या निवडसमितीवर विषयतज्ज्ञ म्हणून मी नुकतीच गेलें होतें. टेबलाच्या अलीकडे बसलेल्या चौघांपैकीं तिघांचीं डोकीं पांढरीं होतीं. पलीकडे एकामागून एक येऊन बसणाऱ्या उमेदवारांत वयानें पन्नाशीकडे झुकलेल्या कितीतरी बाया होत्या, आणि त्यांतील एकीचाही केस पांढरा नव्हता.